शेजारच्या सीटवरून उठून ट्रॅकवर

प्रिय वन्सं,

वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या, पण नवऱ्याची बहीण म्हणून मानाने थोर, तेव्हा आधी वाकून नमस्कार (कागदावर वाकणं सोपं असतं, समोरासमोर आपली पहिल्या पाच मिनिटांतच जुंपते). तुमची पाठ कशी आहे? खोकला गेला का? इकडे सगळं क्षेम आहे. तुमच्या बंधुराजांची तब्येत उत्तम. फक्त गेल्या चार महिन्यांत त्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र दोनदा बदलावं लागलं आणि त्याला मीच कारण आहे असं त्यांचं म्हणणं आहे. ते त्यांच्या तोंडून तुमच्या कानावर तिखटमीठ लावून जाण्याआधी माझ्या हातून साधंसरळ जावं, म्हणून हे पत्र.

तर मी मोटारींच्या शर्यतीत उतरले आहे. बघायला नव्हे, चालवायला. याला म्हातारचळ म्हणायला लोक मोकळे आहेत, पण त्यांनी आधी माझी बाजू ऐकावी. एकतीस वर्षं मी मोटार शिकवण्याच्या क्लासात मास्तरीण होते. अख्ख्या शहराला गाडी शिकवली, पण कुठे बसून? शेजारच्या सीटवर, पायाखाली माझा वेगळा ब्रेक घेऊन. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. काटा तीसच्या पुढे गेला की माझा पाय आपोआप खाली जायचा आणि शिकणाऱ्याचं नाक काचेला लागायचं (बेल्ट का लावतात हे त्यानंतर कुणाला सांगावं लागत नसे). निवृत्त झाले तेव्हा क्लासच्या मालकांनी तीच जुनी डबल ब्रेकची गाडी मला निरोपाची भेट म्हणून दिली, कारण ती भंगारवालाही घेईना. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले. दार उघडलं, बसले, बेल्ट लावला, आरसा बघितला. आणि चांगली दहा मिनिटं तशीच बसून राहिले. मग लक्षात आलं की मी शेजारच्या सीटवर बसले आहे आणि कुणीतरी येऊन गाडी चालू करेल याची वाट बघते आहे. वन्सं, मी फारशी रडणारी बाई नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी रडले. त्याच आठवड्यात मोटार शर्यतींच्या क्लबात नाव घातलं.

हा क्लब म्हणजे श्रीमंतांचा कारभार नव्हे. जुन्या छोट्या गाड्या, वापरलेले टायर, आणि चालवणारे सगळे आपल्यासारखे: एक प्लंबर, दोन शिक्षक, एक दातांचे डॉक्टर. गाडीतून मागची सीट, गालिचे, रेडिओ, सगळं काढायचं, पिंजऱ्यासारख्या लोखंडी नळ्या बसवायच्या, आणि झाली गाडी तयार. माझ्या त्या भेटीच्या गाडीचं हे काम तुमच्या बंधुराजांनी केलं. आयुष्यभर लिफ्ट तपासल्या त्यांनी, त्यामुळे प्रत्येक नट तीनदा पिळला आणि शेवटी डॅशबोर्डवर 'कमाल एक व्यक्ती' अशी पाटी चिकटवली. शेजारचा माझा ब्रेक मात्र काढू दिला नाही मी. त्याला कुणी पाय लावणार नाही, पण असू दे, सवयीचा आहे.

आता नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं आहे. नवख्याला आधी कच्चा परवाना मिळतो आणि गाडीच्या पाठीवर भली मोठी फुली लावावी लागते (एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पाठीवर शिकाऊची पाटी लावली, त्याची ही फेड असावी). तीन शर्यती धडपणे पूर्ण केल्या की फुली निघते, पक्का परवाना मिळतो, आणि मग हातपाय चालतात तोवर शर्यतीत उतरता येतं. मात्र साठी उलटली की नवा पक्का परवाना देत नाहीत. मला साठ पूर्ण व्हायला पाच आठवडे आहेत आणि त्याआधी एकच शर्यत उरली आहे. दोन झाल्या. त्या कशा झाल्या ते ऐका.

पहिल्या शर्यतीत मी उत्तम तयारीने रांगेत उभी होते. समोर खांबावर लाल दिवे लागले. मी न्यूट्रलमध्ये. मग दिवे एकदम गेले. आता तुम्हीच सांगा, सिग्नलचे दिवे गेले तर सुजाण माणूस काय करतो? मी एकतीस वर्षं जे शिकवलं तेच केलं. हँडब्रेक लावला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मागच्या सगळ्यांना हाताने आधी जायला सांगितलं. ते गेलेही, अगदी मला घासून. किती बेशिस्त लोक, असं मनात म्हणत मी बराच वेळ सिग्नल दुरुस्त व्हायची वाट बघत होते. शेवटी झेंडेवाले काका पळत आले आणि त्यांनी सांगितलं की इथे दिवे गेले म्हणजे सुटायचं असतं. हे आधी वर्गात सांगितलं होतं म्हणे. मी शिकवणारी बाई; दुसऱ्याच्या वर्गात माझं लक्ष लागत नाही. तरीही मी शर्यत पूर्ण केली, प्रत्येक वळणावर नीट इंडिकेटर देऊन. पूर्ण करणाऱ्यांत शेवटून पहिली आले.

दुसऱ्या शर्यतीत मी दिवे गेल्याबरोबर सुटले, आणि काय सांगू, सहाव्या फेरीपर्यंत माझ्या मागे तीन गाड्या होत्या. पुढे प्लंबर होता. तो वळणावर गिअर इतक्या उशिरा टाकत होता की मला राहवेना. क्लच दाब, आता दुसरा टाक, अरे आरशात बघ, असं मी हेल्मेटच्या आत त्याला शिकवायला लागले. त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण माझ्या श्वासाने हेल्मेटची काच आतून पांढरी झाली. पाऊण फेरी मी निव्वळ अंदाजाने चालवली. तुमच्या बंधुराजांच्या मते मी त्यातला बराच भाग गवतातून चालवला. पण गाडी परत ट्रॅकवर आली, कुणाला ओरखडाही नाही, आणि मी शेवटून तिसरी. प्रगती म्हणतात ती हीच. शिवाय वन्सं, सरळ रस्त्यावर काटा एकशे दहावर गेला आणि पाय खाली गेला नाही. मी हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते. असं हसू मला कधी आलं होतं ते आठवतही नाही.

तिसरी शर्यत तीन आठवड्यांनी रविवारी आहे. ती तीन तासांची, दोघांनी मिळून एकच गाडी आलटून पालटून चालवायची. माझे जोडीदार दातांचे डॉक्टर होते, पण परवा ते बाथरूममध्ये घसरले आणि मनगट मोडून बसले. ही बाब किरकोळ आहे. मी मनावर घेतलं की काम होतंच, हे तुमच्या घरात मला चाळीस वर्षं बघणाऱ्यांना सांगायला नको.

तुमच्याकडच्या थोरांना माझा नमस्कार आणि पोरांना धपाट्यासह आशीर्वाद.

तुमचीच,
वहिनी

ता.क. बाब तितकीशी किरकोळ नाही. नऊ जणांना विचारलं, नऊही जणांनी त्या रविवारी लग्न असल्याचं सांगितलं. एकटीने तीन तास चालवू देत नाहीत. जोडीदार साठीच्या आतला हवा आणि आदल्या दिवशी चाचणीत पास व्हायला हवा, एवढीच अट. तुम्ही सत्तावन्न. लाँड्रीची व्हॅन तुम्ही वीस वर्षं चालवता आहात. येता का? तुम्ही नाही म्हणालात तर फुली कायमची राहील.

ता.क. २. 'हो' म्हणण्याआधी हे वाचा, नाहीतर तो हो खोटा ठरेल. सात वर्षांपूर्वी तुमच्या लाँड्रीच्या मालकांना एक निनावी पत्र आलं होतं, त्यामुळे तुम्हाला सहा महिने व्हॅन सोडून इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहावं लागलं. ते पत्र मी लिहिलं होतं. मी एका शिकाऊ माणसाला घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर होते, आणि तुम्ही चादरींनी भरलेली व्हॅन घेऊन सत्तरच्या वेगाने ते वळण घेतलंत, टायरचा आवाजही न होता, वर मला हात केलात. मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि शेवटी म्हटलं की तुम्ही बेदरकार आहात. खरं कारण हेवा. माझा पाय ब्रेकवर होता आणि तुम्ही हसत होतात. चुकले मी वन्सं, मनापासून सांगते.

ता.क. ३. जोडीदाराच्या अर्जाला अनुभवाचा एक लेखी पुरावा जोडावा लागतो. मी त्या पत्राची माझ्याकडे राहिलेली नक्कल जोडली. क्लबाच्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, टायर खरंच वाजले नाहीत? मी म्हटलं, मी तिथेच होते, जराही नाही. तर ते म्हणाले, पुरावा चालेल, पण खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी पेन मागून घेतलं आणि माझं पूर्ण नाव घालून सही केली.