तेवीस हत्यारांची पेटी

२ सप्टेंबर १९७१, गुरुवार

शेड मिळाली! नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या कचेरीतले हेडक्लार्क आप्पासाहेब यांनी स्वतः यादी उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं. दोन ठिकाणांहून पक्कं केल्याशिवाय बातमी द्यायची नाही ही बावीस वर्षांची सवय, म्हणून बाहेर येऊन शिपायालाही विचारलं. "सायेब म्हनले तर असंल की!" म्हणाला.

मार्चमध्ये दैनिकातून निवृत्त झालो. तेव्हापासून डोक्यात होतं, सुतारकामाचा छोटा कारखाना काढायचा. जागा आणि भांडवल माझं, हात छगनचा. अर्धी-अर्धी भागीदारी. छगन शिंगणापूरचा सुतार, चाळिशीतला. चार वर्षांपूर्वी त्यानं आमच्या छापखान्याला टाइप ठेवायच्या लाकडी केसेस करून दिल्या. एकेका केसमध्ये शंभरावर कप्पे, आणि खिळा एकही नाही. तेव्हाच हा माणूस मी मनात नोंदवून ठेवला होता.

पाऊस नाही, त्यामुळे गावात नांगराचं काम नाही. छगन लगेच हो म्हणाला. बायको लंकाबाईला घेऊन पुढच्या आठवड्यात नागापुरात खोली करतो आहे.

६ सप्टेंबर, सोमवार

हत्यारं कोणती घ्यावी यावर घरात वाद. बायकोचं, पुष्पावतीचं, म्हणणं: आधी स्वस्तातली घ्या, जे वापरून मोडेल तेवढंच पुढे भारी घ्या. म्हणजे खरी गरज कशाची ते कळतं. बाई हिशेबाला पक्की आहे, मुद्दा खोडता आला नाही.

माझं म्हणणं: स्वस्त हत्यार कारागिराचा वेळ खातं. चांगला सुतार गाठायचा आणि त्याच्या हातात पत्र्याची पटाशी द्यायची, हे बरं नव्हे.

छगन आला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "घेताना पातं बगा, मूठ बगू नका. लाकडाचं काय, ते आमी करतोच." चहा पिऊन गेला. गप्प वाटला, पण तो गप्पच असतो.

९ सप्टेंबर, गुरुवार

पुण्याला जाऊन आलो. बोहरी आळीत तीन दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "विलायती पोलाद हवं का नाव हवं?" पोलाद म्हटलं. त्यानं आतून एक पेटी काढली. जुना साठा, आता आयात बंद. आठ पटाश्या, रंध्याची पाती, दोन करवती, गिरमिट, गुण्या — सगळी मिळून तेवीस. म्हाताऱ्यानं पटाशी अंगठ्याच्या नखावर टेकवली, ती घसरली नाही, इतकी धार. मला एवढं पुरे होतं.

घरी आल्यावर पुष्पावती: "पितृपंधरवड्यात लोखंड आणलंत? आणि तेही महाग!"

१० सप्टेंबर, शुक्रवार

छगननं पेटी उघडली. प्रत्येक पातं उजेडाकडे धरून पाहिलं. "लई भारी माल हाय," म्हणाला. पेटी बंद केली.

१५ सप्टेंबर, बुधवार

पहिलं काम आलं. नगरमधल्या एका मुलींच्या बोर्डिंगला बारा दरवाजे, सागवानी. मुदत १२ ऑक्टोबर. मी तारीख कबूल करून टाकली. मुदत पाळायची असते एवढंच मला कळतं.

छगन डोकं खाजवत हसला. "दारं? काकासाहेब, आमच्या गावात कुनाच्या घराला दार हाय का? चौकटी केल्या, गाड्या केल्या, पाळणे केले. दार न्हाई केलं कदी!"

"मग जमेल का?"

"जमंल. पर गावात सांगू नका — म्हनतील, छगन्या शनिमहाराजाला सोडून गेला."

दोघंही हसलो. संध्याकाळी तो एका शेजाऱ्याच्या दारासमोर बसून बिजागरी न्याहाळत होता. लंकाबाई म्हणाली, "लोक चोर समजतील, उठा!"

१८ सप्टेंबर, शनिवार

आज शेडवर गेलो तर काय — छगनच्या हातात दुसऱ्याच पटाश्या! शुक्रवारी घोडेगावच्या बाजारातून त्यानं स्वतः आणलेल्या. तीन नग, पातळ, काळ्या. बाभळीच्या मुठी त्यानंच बसवलेल्या. माझी पेटी कोपऱ्यात, जशी ठेवली तशी.

सागाच्या गाठीवर घाव घातला की धार वळते. मग तो उठतो, निसण्यावर पाणी घालतो, पाजळतो, परत येतो. तासाभरात दोनदा. लोखंडाला पाणीच नीट दिलेलं नाही, हे मलासुद्धा दिसलं.

"अरे, पेटीतली घे की."

"घेतो की."

घेतली नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

पुष्पावतीचा खुलासा: पितृपंधरवडा. उद्या घट बसले की वापरायला काढेल. "सुतार तिथीचे पक्के असतात. तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं."

शक्य आहे.

२३ सप्टेंबर, गुरुवार

घट बसून चौथा दिवस. पेटी बंदच.

पुष्पावतीचा दुसरा खुलासा: भीती. "माझी पैठणी बघा. चौदा वर्षांत तीनदा नेसले. भारी वस्तू वापरायला जीव धजत नाही." हा खुलासा मला पटला. बऱ्याच घरांत चांगल्या कपबश्या कपाटात राहतात आणि माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात. महाग वस्तूचा तोटा हाच, की ती आपल्यावर पहारा करायला बसते.

म्हणून आज मुद्दाम छगनला म्हणालो, "खराब झाली तरी चालेल. मोडली तरी मी काही बोलणार नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी चुकीचं बोललो एवढं कळलं. काय चुकलं ते नाही कळलं.

तीन दरवाजे झाले. हिशेबानं चार व्हायला हवे होते.

२८ सप्टेंबर, मंगळवार

आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा, म्हणून शेडवर गेलो. सगळं कळलं.

लंकाबाईनं जमीन सारवून पाट मांडला होता. पाटावर छगनच्या आज्याचा लाकूड तासायचा वाकस, बापाचा रंधा, स्वतःची जुनी करवत, आणि त्या तीन बाजारातल्या पटाश्या. सगळ्यांना तेल लावलेलं. झेंडूची फुलं. लंकाबाई एकेका हत्याराला हळदकुंकू लावत होती.

मी म्हणालो, "पेटी राहिली."

ती थांबली. छगनकडे पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "ती तुमची न्हवं का? तुमी पूजा तिला. दुसऱ्याच्या हत्याराला आमी कसं कुंकू लावायचं?"

"दुसऱ्याचं कसं? आपल्या दोघांच्या कारखान्याची आहेत."

मग छगन बोलला. मान खाली घालून, पण स्पष्ट. "काकासाहेब, राग मानू नका. माझा बाप सांगायचा, ज्याचं हत्यार त्याचं काम. कुनबी लाकूड आनून टाकायचा, वाकस आमचा. म्हनून तो आमाला 'या' म्हनायचा. मालकाच्या पटाशीनं कोरलं, की सुतार गडी झाला. मी तुमचा भागीदार हाय ना? मंग तुमच्या हत्याराला हात कसा लावू?"

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी एवढ्या हौशीनं आनलं. पुन्यास्नं."

लंकाबाई हळूच म्हणाली, "त्यांनी लई बगितली हो ती पेटी. तुमी गेलाव की उगडायचे, बगायचे, मिटायचे."

मी चप्पल काढून पेटीपुढे बसलो. पूजा केली. मला मंत्र येत नाहीत, आणि हत्यार धरता येत नाही. कुंकू तेवढं लावलं.

२९ सप्टेंबर, दसरा

तीन आठवडे आम्ही स्वस्त की महाग यावर डोकं चालवलं. छगनचा प्रश्नच तो नव्हता.

बावीस वर्षं मी कचेरीच्या टेबलावर, कचेरीच्या कागदावर लिहिलं, आणि कधी मनात आलं नाही. पण पेन माझं होतं. संपादकांनी एकदा सहीसाठी मागितलं तर मी कचेरीचा दौत-टाक पुढे सरकवला होता! तेव्हा हे मला कळायला हवं होतं.

आणखी एक. मी त्याला 'अरे छगन' म्हणतो. तो मला काकासाहेब म्हणतो. अर्धी-अर्धी भागीदारी कागदावर आहे.

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो. पेटीही नेली. म्हटलं, "दसऱ्याचं सोनं समज. तुझीच झाली आजपासून."

त्यानं माझ्या हातातलं आपट्याचं पान तेवढं घेतलं. पाया पडला. म्हणाला, "हे सोनं पुरं. ते लई जड हाय."

५ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा उपाय सुचवला — हत्यारं दोघांच्या नावे, कागद करून. वकिलाला विचारूनही आलो होतो.

छगन: "बैल जोडीनं चालत्यात, काकासाहेब. पटाशी एकाच हातात चालती."

वकिलाची फी वाया गेली.

आठ दरवाजे.

११ ऑक्टोबर, सोमवार

बाराही झाले. एक दिवस आधी! शेवटचे चार दिवस तो पहाटेपासून उभा होता. उजव्या तळव्याला सूज आहे. चांगल्या पटाशीनं हे काम आठ दिवस आधी आणि सुजेशिवाय झालं असतं. दोघांनाही माहीत होतं.

बोर्डिंगमध्ये बसवून आलो. रेक्टरबाईंनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आवाज नाही, फट नाही. "कुठल्या कारखान्याचं?" विचारलं. मी छगनकडे बोट केलं.

त्या गेल्यावर छगननं स्वतः एका खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मिनिटभरानं बाहेर आला. म्हणाला, "आतनं बगितलं. दार लागलं की घर केवडंसं हुतं न्हाई?"

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आप्पासाहेब रस्त्यात भेटले. सहज म्हणाले, "तुमचा सुतार चालला की, कळलं का?" वसाहतीत नवीन ओतकामाचा कारखाना निघाला आहे. ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने लागतात. त्यांनी छगनला बोलावून पाहिलं आणि लगेच घेतलं. दिवाळीनंतर, २५ तारखेला हजर व्हायचं. यादी आप्पासाहेबांनी स्वतः पाहिली आहे.

शेडवर गेलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो. चढला नाही. एवढंच विचारलं, "तिथली हत्यारं कुणाची?"

"कंपनीची. टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं. सांजच्याला परत."

"मग? माझ्या पेटीला हात लावत नव्हतास, आणि तिथं —"

"तिथं नोकर म्हनून नोकर हाय. हितं भागीदार म्हनून नोकर. ते मला जमंना, काकासाहेब." मग सुजलेला तळवा पुढे करून म्हणाला, "आन् ह्या हातांनी बाजारच्या पटाशीवर आनखी बारा दारं हुनार न्हाईत. तुमी पुन्ना तारीख द्याल. तुमचा सबूद जाईल."

लंकाबाईनं चहा केला. तिघांनी प्यायला. मी शेडची किल्ली खिशात घालून निघालो. तो नेहमी कुलूप लावायला विसरायचा. आज त्यानंच लावलं.

पुष्पावतीला सांगितलं. तिनं पान वाढलं. "मी सांगितलं होतं," असं या वेळी म्हणाली नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी छगन घरी आला. ओट्यावर न बसता आत येऊन खुर्चीवर बसला — पहिल्यांदाच. म्हणाला, शेड सोडू नका. कारखान्याच्या पगारातनं तो पेटीतली हत्यारं एकेक करून माझ्याकडून विकत घेणार. पुण्याला दिले तेच दाम, पैसा कमी नाही. तेविसावं घेतलं की नोकरी सोडून शेडवर येणार.

तेवीस हत्यारं! मला अठ्ठावन्नावं चालू आहे. ओठांवर आलं होतं, गिळलं.

म्हटलं, "आधी स्वस्तातली घेत जा, जड जाणार नाही."

"न्हाई. आधी मोठ्या रंध्याचं पातं. महाग ते आधी — मागनं हिंमत ऱ्हात न्हाई."

पहिला पूर्ण पगार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या संध्याकाळी छगनराव पातं न्यायला येणार आहेत.