पाहुणीच्या वाट्याचे तीन अँपिअर

प्रिय बाबा,

तुम्ही विजेच्या दुरुस्तीचं दुकान बंद करायला निघालात, असं आईनं सांगितलं. त्यावर मला भांडायचंय, पण ते नंतर. आज इतका आनंद झालाय की फोनवर धड बोलताच आलं नसतं. नोकरीच्या नवव्याच दिवशी मी भट्टीतल्या एका कॉइलचा रोध शोधून काढला, एकही वीट न फोडता!

रंग वाळवायच्या त्या भट्टीत तीन कॉइल आहेत. आधी एकटी, मग वाट फुटून दोघी शेजारी-शेजारी. एकटीचा रोध तीन ओहम, जोडीतल्या एकीचा बारा. दुसरीचा शिक्का पुसलेला, आणि ती विटांच्या आड. तशीच नवी मागवायची तर आकडा हवा. फोरमन छिन्नी-हातोडा घेऊनच आले होते. मी म्हटलं, थांबा, मी काढते. चोवीस व्होल्ट लावले, मीटरवर चार अँपिअर आले. म्हणजे एकूण रोध सहा. मग घाईत तिघींना एकाच रांगेत धरलं आणि सगळ्यांसमोर उत्तर काढलं, वजा नऊ! फोरमन म्हणाले, "बाई, ही कॉइल उलट आपल्यालाच वीज देते वाटतं!" सगळे खो खो हसले. घरातली पहिली पदवीधर मान खाली घालून उभी.

पुस्तकातलं एकही सूत्र आठवेना. आठवलात तुम्ही, ओठांत स्क्रू धरून बोलणारे: "आधी एकटीनं किती खाल्लं ते बघ. मग जोडीला काय उरलं ते. ओळखीचीनं घेतलं तेवढं बाजूला काढ, राहिलं ते पाहुणीचं." चार त्रिक बारा, एकटीनं बारा व्होल्ट खाल्ले. जोडीला उरले बारा. बारा ओहमवालीतून जेमतेम एक अँपिअर गेला, म्हणजे पाहुणीतून तीन. बारा भागिले तीन, चार ओहम! दुपारी जुना नकाशा सापडला, त्यावरही चारच. फोरमननी विचारलं, कुणी शिकवलं? वडिलांनी, म्हटलं. ते इंजिनिअर का? म्हटलं, सातवी पास.

बाबा, वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेत तुम्ही कोरा पेपर ठेवून उठलात, हे मला काकांनी कधीच सांगितलंय. परवाना नाही म्हणून आता दुकानाला कुलूप. ती प्रश्नपत्रिका मी मिळवली. ज्या आकृतीला घाबरलात, ती हीच हो! तीन रोध, एक अनोळखी, फक्त आकडे वेगळे. तुम्हाला ती येत नव्हती असं नाही, कागदावर ओळखता आली नाही, एवढंच. आकृत्या वाचायला मी शिकवेन, दर रविवारी येईन. परीक्षेचा फॉर्म भरून सोबत ठेवलाय, शुक्रवार शेवटचा दिवस. रागवायचं तर खुशाल रागवा, पण आधी सही करा.

तुमचीच हट्टी,
टाचणी