फुकट विचारणाऱ्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असलं तरी कोण कशासाठी गोड बोलतंय ते मला लांबूनही दिसतं. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात लिहिलं होतं. हे शांत डोक्याने, पण रागातच लिहिलं आहे.

कलम एक. धाकट्या जाऊबाईंनी लेकीच्या लग्नाआधी महिनाभर फोन करून माझं डोकं खाल्लं. "ताई, तुम्ही तर घरच्याच. संध्याकाळच्या उजेडाला सेटिंग काय ठेवायचं, तेवढं सांगा." फोटो काढले त्यांच्या भावाने. नवरीचे डोळे मिटलेले आणि नवऱ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. मग ते सगळे फोटो माझ्याकडे आले: "खांब तेवढा काढा ना, तुमच्या तर डाव्या हातचा मळ!" जाऊबाईंना माझ्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक द्यावं. मी फोनवर सांगितलेलं सगळं त्यात छापलेलं आहे. कॅमेरा देऊ नये.

कलम दोन. आमच्या दुकानाच्या वर दवाखाना असलेले दाताचे डॉक्टर. माझ्या तोंडात दोन्ही हात घालून यांनी विचारलं, "मागून ऊन आलं की चेहरा काळा येतो हो, काय करू?" मी "आ" म्हणाले. बिल मात्र पूर्ण लावलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले; म्हणून डॉक्टरांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

कलम तीन. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याचा हात माझ्याहून सरस, पण स्वभाव बापाचा. दारात कोणी "जरा विचारायचं होतं" म्हटलं की हा खुर्ची पुढे करतो. परवा एकाला तासभर शिकवलं, तर तो जाताना म्हणतो, "बरं झालं, फोटोग्राफरचा खर्च वाचला!" आमचे चिरंजीव हसून "या पुन्हा" म्हणाले. अशा माणसाच्या डोक्यावर पक्कं छप्पर हवं.

कलम चार. दुकान. खरी भांडणाची जागा हीच. मुलगा आणि मुलगी, दोघंही माझ्या हाताखाली तयार झाली, दोघांनाही ते हवंय, आणि चुकीच्या हातात गेलं तर वर्षभरात तिथे मोबाईलची कव्हरं लटकतील. म्हणून मी न सांगता परीक्षा घेतली.

माझ्यामागे भिंतीवर लावायला फोटो हवा होता. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभी राहिल्यामुळे माझा एकटीचा एकही नाही. घरच्या ग्रुपमधून कापला तर खांद्यावर जाऊबाईंचा हात येतो. मुलाला म्हटलं, काढतोस? "अगं आई, विचारतेस काय!" अख्खी दुपार घालवली, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. फोटो अप्रतिम. मला भरून आलं, आणि परत गेलेल्या गिऱ्हाईकाचा हिशेबही मी मनात मांडला.

मग मुलीला विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, "आधी आगाऊ रक्कम."

"अगं, मी तुझी आई!"

"म्हणून तर. तुला घरच्यांनीच बुडवलंय."

पैसे मोजून घेतले, स्टुलावर बसवलं. मी उजेडाबद्दल तोंड उघडलं तर म्हणाली, "आई, गप्प. आज तू गिऱ्हाईक आहेस." त्या फोटोत मी चिडलेली दिसते आणि डोळे ओले आहेत. भिंतीवर तोच लावावा. दुकान, कॅमेरे, दिवे आणि पाटी मुलीला.

बाळा, रुसू नकोस. तुझाच फोटो जास्त चांगला आलाय. तो माझ्या उशाशी आहे, तिथेच राहू दे.

स्थळ: दुकानाची मागची खोली.
दिनांक: मुलीने दिलेल्या पावतीवर आहे तोच.
सही: फोटोवाली काकू
साक्षीदार एक: वकीलसाहेब (फी घेतली, पोचली).
साक्षीदार दोन: दाताचे डॉक्टर.

सह्या झाल्यानंतरची नोंद: डॉक्टर जाताना बाहेर काउंटरपाशी थांबले. "नातवाचा वाढदिवस आहे गं. त्याला खिडकीकडे तोंड करून उभं करू, की पाठ?"

मुलीने पावतीपुस्तक पुढे ओढलं. "नाव सांगा."