बुजवलेली मोरी

आंधळगाव, मंगळवार संध्याकाळ

कोकणातून जुन्या साहेबांचा फोन. आम्ही सांभाळत होतो त्या समुद्रातल्या किल्ल्याचा तट कोसळला. किल्ला आता लोकांसाठी कायमचा बंद. आत पाणी तुंबून तट फुगला होता म्हणे.

तटाच्या बुडातली मोरी मीच बुजवली होती. तेव्हा तिथं पहारेकरी म्हणून नवीनच होतो. तिच्यातून पाणी गळताना दिसलं, अन् इकडे तलावाची पाळ, म्हणजे बांध, झिरपला की बुजवतो तशी ती दगड-सिमेंटनं ठासून भरली. साहेबांनी पाठ थोपटली होती. मोरी पाणी बाहेर काढायलाच ठेवली असेल, हे मले काहून सुचलं नाही?

आत्ताच धाकटा भाऊ दारात आला. "दादा, तलावाची पाळ झिरपून राहिली. चला बुजवाले."

पाळ बुजवायलाच हवी, कळतं. फावडं मात्र हातात धरवत नाही.