वर न केलेला हात

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

फोन उचलत नाही म्हणून रागावलीस. माझे फोन हल्ली कोणीतरी ऐकतं असा संशय आहे, म्हणून लिहितोय.

बँकेच्या बैठकीत काय झालं ते भाऊजींनी, स्वतः संचालक असून, तुला सांगितलं नसणार. चेअरमनसाहेबांनी जावयाच्या बुडत्या कंपन्यांना आणखी कर्ज द्यायचा ठराव मांडला. जोखीम तपासणं माझं काम. मी म्हटलं, हे पैसे परत येणार नाहीत आणि ते ठेवीदारांचे आहेत. साहेब नुसते हसले. सगळ्या संचालकांचे हात वर गेले. भाऊजींचाही.

आता मला जुन्या इमारतीत बसवलंय. टेबल आहे, काम नाही. कँटीनमध्ये मी बसलो की समोरचा डबा आवरून उठतो. संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना आवाज बसलेला निघतो. दिवसभर वापरलेलाच नसतो.

सरकारी चौकशी समितीनं बोलावलंय. जाणार आहे.

तुझ्या मायेवर तग धरून आहे, ती राहू दे.

तुझा
भाऊ

१४ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र ताटावर बसूनच वाचलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं. लहानपणी बाद झालास की पंचाशी भांडायचास, तो हट्टीपणा अजून गेला नाही तुझा!

यांना खोदून विचारलं. म्हणाले, बैठकीआधीच साहेबांच्या घरी जेवताना सगळं ठरलं होतं. हिशेब तपासणारेही त्याच टेबलावर होते. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते तुझ्या भावाकडे बघ, म्हणाले.

एकच मागते. साहेबांचं काय ते सांग. फक्त यांचं नाव घेऊ नकोस. माझ्यासाठी.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

काल साक्ष झाली. कोणी कोणी हात वर केले, असं विचारलं. मी नावं सांगत गेलो आणि भाऊजींपाशी अडखळलो. समितीतल्या बाईंनी पाणी पुढे केलं. पाणी प्यायलो आणि नाव सांगितलं.

ते गाळलं असतं तर साहेबांच्या वकिलानं माझी सगळी साक्ष खोटी ठरवली असती, असं कारण देता येईल. पण खरं सांगू? मला ते सगळे हात सारखेच दिसले होते.

जेवणाचं मात्र बोललो नाही. ते तू मला सांगितलं होतंस, समितीला नाही.

उत्तर आलं नाही तरी समजेन. माझा नमस्कार तेवढा पोचू दे.

भाऊ

२० मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते वाचणं तुला सोसलं नसतं.

यांनाही समितीचं बोलावणं आलं. सगळा दोष तुझ्यावर ढकला, असं साहेबांच्या वकिलानं पढवलं होतं. हे निघताना मी एवढंच म्हटलं, जेवणाचं भाऊनं सांगितलेलं नाही. बराच वेळ एक बूट हातात धरून बसून राहिले. मग गेले आणि ते जेवण, तिथली माणसं, साहेबांचं बोलणं, सगळं आपणहून सांगून आले.

साहेबांना अटक झाली ते वाचलं असशीलच. यांनाही आता कुठल्याच बँकेत संचालक म्हणून बसता येणार नाही. आमच्याकडे कोणी फिरकत नाही. बेल वाजली तर दूधवालाच. तुझ्याबद्दल अजून अवाक्षर काढत नाहीत.

माझा रागही पुरता गेलेला नाही, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.

रविवारी येतेय. हे सोडायला येणार आहेत, पण तुझ्या जिन्याच्या पायथ्यापर्यंतच, वर पाऊल टाकणार नाही असं मला बजावलंय. मी बॅग चांगली जड भरली आहे.

ताई