एकविसाव्या दिवशी न आलेले

३ नोव्हेंबर, सोमवार
आज मेघाही नोकरी सोडून गेली. या वर्षातली पाचवी. केमोच्या वॉर्डात आता आम्ही तिघी नर्स, पेशंटच्या खुर्च्या चौदा.

मी बोलणारी कोण म्हणा! माझा राजीनामा लिहून पर्समध्ये पडलाय. नागपूरच्या स्किन क्लिनिकला महिनाअखेर कळवायचंय.

पण पोरी जातात कशानं? पगार म्हणावा तर मेघा कमी पगारावर गेली. ड्यूटी म्हणावी तर इथे रात्रपाळीच नाही. डोक्यात किडा वळवळतोय.

५ नोव्हेंबर
मोहिनी सिस्टरांना विचारलं. सोळा वर्षं त्याच इन्चार्ज. "तुले काय करा लागते? सलाइन पाह्य."

८ नोव्हेंबर, शनिवार
मेघा म्हणाली, नवऱ्याची बदली. खोटं. नवरा इथेच सेलूला मास्तर आहे.

मग आकांक्षाला फोन. ती ऑगस्टात गेली, आता डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "समुद्रपूरच्या आनंदाबाई आठवतात तुले? चार डोस मीच देल्ले. पाचव्याले आल्याच नाईत. तीन दिवस त्यायची खुर्ची मी कोणाले देल्ली नाई. मंग मीच गेली."

खरंय. ठरल्या एकविसाव्या दिवशी पुढच्या डोसाला पेशंट आला नाही, की मोहिनी सिस्टर रजिस्टरातल्या नावावर पेन्सिलची रेघ मारतात. खुर्ची पुढच्याला. विचारायचं नाही, हाच नियम. आम्ही काय ते समजून घेतो.

पण समजतो ते बरोबर कशावरून? सहा वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही. कमाल आहे माझी.

११ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत फाइलमधून नंबर काढला. दोनदा अर्धवट लावून कापला. स्वतःचाच राग आला — फोनच तर लावायचाय.

"कोण बोलून राह्यलं?"

आनंदाबाई! स्वतः! वावरात, कापूस वेचत होत्या. एसटीचा प्रवास झेपेना, म्हणून लेकीकडे नागपूरला राहून उरलेले डोस तिकडेच घेतले म्हणे. अन् लगेच, "ते आकांक्षा कशी हाय वं? माह्या हाताची नस तिलेच सापडे. लगन झालं का तिचं?"

जिन्यात बसून रडले. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी आकांक्षाला सांगितलं. खूश होईल वाटलं होतं. ती म्हणाली, "मले आता काऊन सांगून राह्यली?" आणि फोन ठेवला.

जित्या बाईच्या दुःखात नोकरी सोडली पोरीनं.

१४ नोव्हेंबर
आणखी एक लावला. केळझरचे प्रभाकरराव, रिटायर मास्तर. सलाइन चालू असताना आमचं रजिस्टरमधलं अक्षर सुधारायचे. सुनेनं उचलला. मार्चमध्येच गेले.

मग म्हणाली, "तुमी विचारलं, बरं वाटलं जी. दवाखान्यातून कोणाचाच फोन नाई आला."

गंमत म्हणजे मलाही बरं वाटलं. आठ महिने त्यांना ना जिवंत धरता येत होतं, ना मेलेलं. आज निदान नीट वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर
पेशंटच्या घरी फोन लावताना मोहिनी सिस्टरांनी पकडलं. सगळ्यांसमोर बोलल्या. "वार्डात रडारड पाह्यजे का मले? एक एक धरून बसली तं काम कोण करन?" रजिस्टर कपाटात, किल्ली कमरेला.

माझंही डोकं फिरलं. राजीनामा काढून टेबलावर आपटला. त्यांनी तो घडीसकट खिशात टाकला, वाचलासुद्धा नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

१९ नोव्हेंबर
सुट्टी. दिवसभर वाटत राहिलं, उगाच घाई केली. आनंदाबाईंचा फोन येऊन गेला, आकांक्षाचा नंबर हवा होता.

२० नोव्हेंबर
सकाळी मोहिनी सिस्टरांनी खोलीत बोलावलं, दार लावलं. माझा राजीनामा पुढे केला, उलटा. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या अक्षरात न आलेल्या पेशंटांची सव्वीस नावं, गावांसकट. रजिस्टर न बघता लिहिलेली. पहिलं सोळा वर्षांपूर्वीचं.

"मले हिंमत नाई होत," म्हणाल्या. "हिंगणीच्या रुख्माबाईपासून फोन लाव. मी बाजूले बसतो."