ताई वर असते

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! भाड्याच्या घराची किल्ली मालकांच्या हातात ठेवली, पलंग आणि कपाट विकून टाकलं आणि उरलेला संसार बॅगांमध्ये कोंबून मावशींच्या दारात उतरलो. विमान महिनाअखेरीला. तोवर मुक्काम इथेच. परदेशात गेल्यावर इथलं काही विसरायला नको, म्हणून रोज दोन ओळी लिहायच्या असं ठरवलंय. दोन ओळींवर माझं भागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मावशी म्हणजे ह्याची मावशी. हा लहान असतानाच ह्याची आई गेली. तेव्हापासून मावशींनीच वाढवलं, शिकवलं, मार्गाला लावलं. लोकांसमोर मी नवऱ्याला 'आमचे हे' म्हणून चिडवते, पण इथे नुसतं 'हा' पुरे.

मावशी फाटकातच उभ्या होत्या. मला पोटाशी धरलं, मग खांद्यांना धरून लांब केलं आणि चेहरा असा निरखला की मला चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघताना ती अगदी असंच बघतात.

घर छान आहे. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि मागे आमची खोली. ती ह्याची कॉलेजातली. दाराच्या चौकटीवर ह्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि त्या बऱ्याच लवकर थांबतात. मी हसले तर स्वारी रुसली. जिना स्वयंपाकघरातून वर जातो. वर मावशींची मुलगी असते. ह्याच्याहून वर्षाने मोठी, म्हणून हा तिला ताई म्हणतो, म्हणून मीही. तिशी उलटली तरी मावशींची मात्र ती छकुलीच. तब्येत नाजूक आहे, माणसांची सवय नाही, असं मावशी म्हणाल्या. आमच्या लग्नालाही ती नव्हती. मनात येईल तेव्हा आपणहून खाली येईल, तोवर वर जाऊ नये.

६ मार्च, गुरुवार

दुकानात अजून पंधरवडा काढायचाय. मालक रोज म्हणतात, तू गेलीस की माझ्या चष्म्यांना कोण विचारणार. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, काचा घासून बसवायच्या, काड्या गरम करून कानामागे नीट वळवायच्या. माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, चेहरे मात्र राहतात. मालकांचं उलट. चष्म्याच्या दुकानाचा मालक, पण स्वतःचा चष्मा कायम खिशात! आवाजावरून माणसं ओळखतात आणि निम्मी चुकतात.

संध्याकाळी भाजी चिरत होते तर मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वळले तर ताई. सुरी हातातून पडायचीच बाकी होती. तीच भुवई, तीच हनुवटी, अंगलटसुद्धा माझीच. केस तेवढे लांब आणि चष्मा नाही. आईने पाहिलं तर बाबांना जाब विचारेल!

ताई फार गोड हसली. माझ्याशेजारी बसली आणि मी भाजी कशी चिरते ते बघत राहिली.

९ मार्च, रविवार

ताईला माझ्याबद्दल सगळं जाणून घ्यायचंय. आईला काय म्हणून हाक मारते, शाळा कुठली, लहानपणी कुठे पडले, ह्याच्याशी पहिलं भांडण कशावरून झालं. एकट्या माणसाला गप्पांची भूक असणारच. मीही काय, विचारलं की सांगत सुटते. फक्त एक गोष्ट खटकली. मी हसले की ती थोड्या वेळाने तसंच हसते. आधी नाही, नंतर.

रात्रीच्या जेवणात मावशी सहज बोलून गेल्या की आमचं लग्न खरं तर त्यांच्यामुळे झालं. चष्मा करायला दुकानात आल्या होत्या, लांबूनच मला पाहिलं आणि घरी जाऊन ह्याला म्हणाल्या, ही मुलगी बघ. मी ह्याच्याकडे पाहिलं. मला हा नेहमी सांगतो की आपली गाठ बसस्टॉपवर पडली, योगायोगाने. हा ताटातच बघत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, त्यात काय एवढं, भेटलो ते महत्त्वाचं.

खरंय. पण खोटं कशाला सांगायचं?

१२ मार्च, बुधवार

ताईने केस कापलेत. माझ्यासारखे, कानाखाली. आणि चष्मा घेतलाय, तोही माझ्यासारखाच. तीच तपकिरी फ्रेम. मावशी टाळ्या वाजवून म्हणाल्या, अगदी जुळ्या बहिणी. हासुद्धा हसला. मला हसू आलं नाही.

माझा नंबर मोठा, मायनसचा. अशी काच लावलेल्या माणसाकडे बघितलं की काचेमागची त्याच्या कानशिलाची कड आत सरकलेली दिसते. ताईची कड जागच्या जागी होती. काच साधी आहे. तिला चष्म्याची गरजच नाही.

दुकानात त्या फ्रेमचा एकच नग उरला होता. आज ड्रॉवर उघडला तर जागा रिकामी. मालकांना विचारलं. ते म्हणाले, अगं, तूच नाही का सोमवारी नेलीस, दुसरा जोड असावा म्हणून? सोमवारी माझी सुट्टी होती. मी दिवसभर बॅगा आवरत होते.

ह्याला सांगितलं. म्हणाला, मालकांना धड दिसतं कुठे. मी म्हटलं, पण तब्येत नाजूक असलेली ताई बाजारात गेली कशी? त्यावर हा उठून पाणी प्यायला गेला.

१५ मार्च, शनिवार

आईला फोन केला. म्हणाली, सकाळीच तर बोललो आपण, परत काय झालं? मी सकाळी फोन केला नव्हता. माझा मोबाइल सकाळी चार्जिंगला स्वयंपाकघरात होता.

आईला विचारलं, काय बोलले मी? तर म्हणे, निघायच्या दिवशी येऊ नकोस, रडारड होते, विमानतळावरून फोन करीन, असं तूच सांगितलंस. आईच्या आवाजात राग होता. मी सांगितलं, ती मी नव्हते. आई हसली आणि म्हणाली, झोप नीट घे, जायच्या धास्तीने डोकं फिरलंय तुझं.

फोन ठेवला तेवढ्यात ह्याने बाहेरून मला हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून 'आले रे' ऐकू आलं. माझा आवाज. माझा हेल.

हा तिच्याशीच बोलत राहिला, एकदाही चुकलो म्हणाला नाही.

१७ मार्च, सोमवार

फाटकाशी उभी होते. समोरच्या घरातल्या बाईंनी मला पाहिलं, झटकन लेकराला उचललं आणि दार लावलं. मी सरळ जाऊन दार वाजवलं. मी सून आहे, नुकतीच आलेली, असं सांगितल्यावर त्या ओशाळल्या. मग बरंच बोलल्या.

ताई पूर्वी पाळणाघरात कामाला होती. तिच्या देखरेखीत एक तान्हं मूल दगावलं. अपघात, असं मावशी सांगत राहिल्या. पण बाई म्हणाल्या, त्या आधीही दोन मुलांच्या अंगावर वळ सापडले होते. मोठं प्रकरण झालं. वकिलाने ती मनाने आजारी असल्याचं दाखवलं म्हणून तुरुंग टळला. घराबाहेर पडायचं नाही, या अटीवर इथे ठेवली आहे. दर महिन्याला सरकारी बाई येतात आणि ती वर आहे ना, ते बघून जातात.

ती वर आहे ना, ते बघून जातात.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोकत होते. कोणीतरी वर असलं म्हणजे झालं.

१८ मार्च, मंगळवार

ह्याला सगळं विचारलं. आधी चिडला. मग म्हणाला, मावशी नसती तर मी कुठल्या अनाथाश्रमात असतो तुला कल्पना आहे का. मी विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं.

कागदपत्रं ह्याच्याकडे आहेत. माझा पासपोर्ट मागितला. उद्या देतो म्हणाला.

उद्या सकाळी दुकानात न जाता थेट आईकडे जाणार. ह्याला सांगणार नाही. मावशींनी रात्री सूप दिलं, घसा बसलाय तुझा म्हणून. बसलाय खरा.

बहुतेक २० तारीख

ताप. काल दिवसभर उठताच आलं नाही. जीभ जड झाली आहे. हा उशाशी बसून होता, कपाळावर हात ठेवून. किती बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच चीड आली.

चष्मा सापडत नाही. हा म्हणाला, काडी सैल झाली होती, घट्ट करून आणतो. काडी! अख्ख्या गावाच्या काड्या मी घट्ट करते.

चष्म्याशिवाय मला हाताच्या पलीकडचं दिसत नाही. वही नाकाला लावून लिहितेय. मोबाइलही नाही.

शुक्रवार?

जाग आली ती दुसऱ्याच खोलीत. खिडकी उंच. जिना खालच्या बाजूला. मी वर आहे.

दार बाहेरून लावलंय. ओरडले. खालून मावशी ओरडल्या, छकुली, शांत हो बाळा.

पलंगाखाली वही सापडली. अंथरुणाबरोबर गुंडाळून आली असावी. त्यांना माहीत नाही.

नंतर

सूप ओतून देते मोरीत. पण पाण्यातही काहीतरी असतं. पाणी किती वेळ टाळणार?

खाली हसण्याचे आवाज. मावशी म्हणाल्या, सूनबाई, ती निळी बॅग आधी भर. आणि माझ्या आवाजात उत्तर — हो मावशी.

हा आला होता. एकटा. चेहरा धूसर, पण रडत होता हे कळलं. म्हणाला, थोडेच दिवस. ती तिकडे स्थिरावली की मावशी तुला सोडतील, मग तू कुठेही जा, कोणाला सांगितलंस तरी चालेल. मी विचारलं, लग्न करताना माहीत होतं? मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला, एकेक बोट.

आता 'हा' लिहवत नाही. तो.

सरकारी बाई

आज आल्या. देवासारख्या आल्या असं वाटलं. मी सगळं सांगितलं — मी सून आहे, ही माझी खोली नाही, माझा चष्मा, माझी आई, दुकान — जीभ वळत नव्हती तरी सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग मावशींना म्हणाल्या, मागच्या महिन्यातही हेच म्हणत होती, नाही का?

मागच्या महिन्यात मी इथे नव्हते. आम्ही आलोही नव्हतो. तेव्हाच तिने —

माझ्या दंडावर थोपटून गेल्या. त्यांच्या मागे दारात चष्मा लावलेली, कानाखाली केस असलेली धूसर आकृती उभी होती. बाईंनी तिला प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या.

निघायचा दिवस

ऊन आलंय. बॅगा जिन्यावर आपटत नाहीत, खालीच आहेत त्या — खालची खोली — विसरते मी. लिहीत राहायचं. लिहिलं नाही तर डोळे मिटतात.

दोघं दारात आली. मावशींच्या देखत. तो वाकला आणि म्हणाला, "ताई, येतो आम्ही. जप."

ताई म्हणाला. मला.

ती माझ्या कानाशी आली. म्हणाली, तू फार पटापट बोलतेस, शिकायला त्रास झाला.

गाडीचं दार. एक. दुसरं. फाटक. गेले.

मावशी खाली रडतायत. खरंच रडतायत.

बेल वाजली.

आई.

आईच आहे. आवाज आईचा आहे. म्हणते, गाड्यांची गर्दी होती, उशीर झाला, नको म्हणाली तरी राहवलं नाही, गेली का हो पोर? मावशी म्हणतात, आत्ताच, दोन मिनिटं आधी आला असतात तर —

हाक मारली. शब्द फुटत नाही, नुसता घोगरा आवाज. पलंगाचा पाय भिंतीवर आपटतेय. आपटतेय.

आई विचारते, वर कोण आहे?

मावशी — माझी लेक, आजारी असते, दोघं गेल्याचं जिवाला लावून घेतलंय तिने.

आई म्हणते, बघते मी तिला. नको म्हणाल्या तरी — चप्पल काढल्याचा आवाज. आई जिना चढतेय. एका हाताने कठडा धरून, गुडघे दुखतात तिचे, सावकाश. आई, ये. ये.

कुलूप काढायला किल्ली लागेल, मावशी म्हणतात, थांबा, मी आणते. ड्रॉवर उघडला. स्वयंपाकघरातला. तो किल्ल्यांचा नाही, तो सुऱ्यांचा —

आई दाराशी आली. बोलतेय माझ्याशी, बाळा घाबरू नकोस म्हणते, ओळखलं नाही अजून. मावशींची पावलं. जिन्यावर, झपझप.

आई, मागे ब